जावक

एकतीस वर्षं हे फुलेवाडीच्या जकात नाक्यावर होते.
गगनबावड्याकडून उतरलेला ट्रक थांबायचा,
ह्यांची बॅटरी ताडपत्रीखाली शिरायची.
फणस, सुकी मासळी,
एकदा तर पोत्यांमागं दडवलेलं कुणाच्या तरी रुखवताचं कपाट.
येणाऱ्याची पावती फाटायची.
जाणाऱ्याकडं बघायचा पगार नव्हता.

नाका उठला. शेडमध्ये आता उसाचा रस मिळतो.

धैर्यशील, माझा भाचा, उद्यमनगरात लेथवर असतो,
उरल्या वेळात कॉम्प्युटर दुरुस्त करतो.
एक जुना त्यानं आमच्या सोप्यात आणून मांडला.
ह्यांनी कुठंतरी वाचलेलं.
म्हणाले, फायरवॉल बसव,
बाहेर जाणाऱ्यालाही अडवून विचारणारी.

"मामा, घरच्या माणसाला कशाला ते?
आत येणारं अडवलं की बास.
चोर एकदा आत घुसला
की जाताना तुमची सही घ्यायला थांबणार हाय व्हय?
आधी तुमच्या राखणदारालाच झोपवंल त्यो."

"थांबणार नाही," हे म्हणाले,
"पण भांडी घेऊन पळताना
एखादं वाजंल तरी."

बसवली.
पहिल्या दिवशी एकवीस वेळा चौकट उघडली.
अमुक बाहेर जाऊ मागतोय. सोडू? अडवू?
ह्यांनी पेटीतनं जुनी वही काढली, पट्टीनं रकाने आखले :
वेळ, गाडी, माल, कुठं चालली, शेरा.
प्रिंटर शाई संपत आल्याचं
सातासमुद्रापार कुणाला तरी कळवत होता.
भिंतीवर चांगलं घड्याळ असताना
हा डबा परमुलखात विचारत होता, किती वाजले.
पत्त्यांचा डाव, ज्यात मी दुपारी एकटी हरते,
तोही रोज कुठंतरी निरोप धाडायचा.
"तुझ्या हरण्यात कुणाला एवढा रस?"
म्हणून त्याला अडवला.
डाव चालूच राहिला. मी हरतच राहिले.

एकदा अगम्य नावाचा कुणी अडवला
तर दोन दिवस नेटच बंद.
धैर्यशील आला, पांढरा रस्सा दोन वाट्या प्यायला,
आणि हसत त्याला सोडवून गेला.

तिसऱ्या आठवड्यात शेरे आखूड झाले.
सोडला. सोडला. सो. सो.
ओळखते मी तो हात.
पहाटे तीनला, माघाच्या थंडीत,
शेकोटीपासून न उठता
नाक्याचा दांडा वर करणारा.

ब्राउझर तर पहिल्याच दिवशी
कायमचा पास घेऊन बसलेला.
ही भिंत गाडीचा नंबर बघते,
ताडपत्री उचलत नाही.
धैर्यशीलनं हे सहज सांगितलं
तेव्हा मी परातीत खाली मान घालून
कणीक जास्तच मळली.

कारण दुपारी ह्यांचा डोळा लागला
की मी वृषालीला लिहिते.
सहा वर्षं झाली. ह्या घरात
तिच्या नावाला दांडा आडवा आहे.
लिहिते कांदालसूण चटणीत मिरची किती,
विचारते धाकट्याला दात आले का,
कळवते, हे हल्ली जिना चढताना कठडा धरतात.
फोटो जातात. कुंडीतली अबोली.
ह्यांचा एक, पाठमोरा, कानावर मफलर.
कुणी विचारत नाही, सोडू का.

परवा सुईदोरा शोधताना वही हाताला लागली.
मागून उघडली. तिथं, आखूड नव्हे,
नाक्यावरच्या पूर्ण, गोल अक्षरात,
मार्चपासून रोज एक ओळ :

दुपारी २.४०. ब्राउझर.
माल घरगुती.
मिरजेकडे.
ताडपत्री उघडली नाही. सोडला.

कालच्या ओळीत शेऱ्यापुढं
आणखी काहीतरी लिहून
गिरवून टाकलंय.
पान खिडकीच्या उजेडाला धरलं,
उलटं करून बघितलं,
बोटानं चाचपलं.
लागेना.