उलटी टेप

ही तिसरी बॅटरी, रुपेर्ता सांगते,
दोन वर्षांतली तिसरी,
आणि हेल्मेट टेबलावर असं आदळते
जणू आधीच्या दोन आम्हीच खाल्ल्या.
बाहेर केयोनच्या धक्क्यावर फेरी भोंगा देते.
मोटारसायकलच्या कॅरिअरवर
शिंपल्यांचे दोन क्रेट, अजून ठिबकणारे.
दिवा पिवळा पडतो म्हणे, इंडिकेटर पेंगतो,
आणि चर्चच्या चढावर हॉर्न नुसता खोकतो.

एलिसेओ काही बोलत नाही.
चुलीत एक लाकूड सरकवतो,
मीटरच्या दोन सुया बॅटरीला टेकवतो
आणि मला म्हणतो, वाच.
बंद असताना, बारा पूर्णांक तीन.
चालू करून मूठ पिळली, तर
आकडा चढायचा सोडून उतरतो:
अकरा पूर्णांक नऊ.
चौदा व्हायला हवेत.
"बॅटरीच गेली," मी म्हणते.
"दुखणं म्हशीला," तो म्हणतो, "इंजेक्शन पखालीला."

इंजिनातून तीन पिवळ्या तारा येतात.
जोडीजोडीने मोजल्या.
साठ. साठ. एकसष्ट.
म्हणजे वीज जन्मते आहे, धडधाकट.
रेग्युलेटरच्या तोंडाशी पाहिलं,
तिथेही चौदा पूर्णांक चार, तंतोतंत.
तिथून बॅटरीपर्यंत हातभर लाल तार.
त्या हातभरात
अडीच व्होल्ट कुणीतरी गिळतंय.

सीट उचलली.
क्रेटमधलं खारं पाणी
रोज एकाच वाटेने उतरलेलं,
वाटेवर मिठाची पांढरी रेघ
आणि रेघेच्या टोकाला
काळ्या टेपचा अंगठ्याएवढा गोळा.

मी वाकून पाहिलं.
टेप उलटी गुंडाळलेली, उजवीकडून डावीकडे.
या बंदरात डावखुरा मेकॅनिक एकच.
मी त्याच्याकडे पाहिलं.
तो चाकूकडे पाहत होता.

गोळा चिरला तसं
हिरवं पीठ सांडलं त्याच्या तळव्यावर.
तार कळकली होती,
बिनकल्हईच्या भांड्यात विसरलेल्या ताकासारखी.
वरून साल लालचुटूक, गुळगुळीत,
बोटाने दाबली तर आत नुसती भुकटी.
इंचभर कापली. काळं.
आणखी इंचभर. तपकिरी.
आणखी.
"जिवंत तांबं लागेपर्यंत मागे जायचं,"
तो नेहमी म्हणतो.
आज पुढे एवढंच म्हणाला,
"लाज वाटली तरी."

मग नवी तार, जाड.
कावियाच्या टोकावर कथील वितळलं
आणि तांब्याच्या केसांत शिरलं, कल्हईसारखं चकचकत.
वर नळी चढवली, आच दाखवली,
ती आवळून बसली.
कनेक्टरच्या करपलेल्या दाताजागी नवा दात,
त्यात ग्रीस, बोटाने, कंजुषी न करता.
आणि तारेची वाटच बदलली,
डाव्या बाजूने, क्रेटच्या पागोळीपासून लांब.

चौदा पूर्णांक दोन.
दिव्याचा झोत समोरच्या भिंतीवर पडला
आणि भरती-ओहोटीच्या तक्त्यातला
बारीकातला बारीक आकडा वाचता आला.

"किती झाले?" रुपेर्ता विचारते.
"काही नाही."
"फुकटचं काम पुन्हा बिघडतं."
"मग शिंपले ठेव दोन डझन."
ती मोजते. सव्वीस ठेवते.
"आधीच्या दोन बॅटऱ्या," तो मान वर न करता विचारतो,
"फेकल्यास?"
"दिराने नेल्या बोटीवर. काय झालंय त्यांना?
मस्त चालतात."

ती गेली. हॉर्न वाजवत गेली,
गरज नसताना, कोपऱ्यापर्यंत.
मी फरशी झाडायला घेतली.
तो हिरवं पीठ लागलेला तळवा तसाच धरून बसला होता,
धुवायचं सुचलं नसावं.
चार वर्षांपूर्वीचा तो हिवाळा
मला ऐकून माहीत आहे:
वादळाने फेऱ्या अकरा दिवस बंद,
दुकानात कथील संपलेलं,
टेप मात्र खोकाभर.
आत्तापुरतं, असं तो प्रत्येकाला सांगायचा म्हणे.

किटली ओरडली, त्याने काढली नाही.
कपाटावरून जुनी वही घेतली,
पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं,
हिरवा ठसा उमटला कागदावर.
"तो पाववाला बेलार्मिनो," त्याने विचारलं,
"अजून तीच लाल गाडी चालवतो का गं?"