खिशाची खोली

मी घरोघर जाऊन रक्त काढते.
सकाळी सहा. त्रिमूर्तीनगर, खामला, सोमलवाडा.
उपाशीपोटी माणसं बाही वर करून बसलेली असतात.
मला लोकांच्या बाह्या पाठ आहेत:
कुठली सहज सरकते, कुठली दंडाला फास लावते,
कुठल्या ब्लाउजपायी बाईला उठून आत जावं लागतं.
माझ्या बाह्यांकडे मात्र
मी या मेपर्यंत बघितलं नव्हतं.

कूलरला जागा करायची म्हणून कपाट ढकललं.
हललं नाही.
भाऊ म्हणाला, अगोदर रिकामं तर कर,
काय भरून राहिली त्यात, लोखंड?

पलंगावर ओतलं सगळं.
सत्तेचाळीस कुर्ते.
घालते त्यातले सहा,
धुवून, वाळवून, पुन्हा तेच सहा,
काखेत विरलेले, स्पिरिटच्या वासाचे.

बाकीच्यांत
बर्डीवर पाचशेला तीन होते म्हणून घेतलेले तीन
(हवा एकच होता, दोन सोबतीला आले).
एक जांभळा, ऑफर रात्री बारापर्यंत होती,
अंगात चढवला की करकर वाजतो.
आरशांचा एक, चुलतबहिणीच्या साखरपुड्याचा,
त्यात हात वर होत नाही.
आणि एक, पगार पुढच्या महिन्यात म्हणाले
त्या संध्याकाळी, रागाने.
पैसे नव्हते तेव्हाच जास्त घेतलंय मी.
हे कपाट हलेपर्यंत कळलं नव्हतं.

शेचाळीस डिग्रीत पॉलिस्टर म्हणजे
स्वतःला डब्यात भरून वर झाकण लावणं.
देऊन टाक, म्हणाली शेजारची कुंदा.
कोणाला देऊ?
ज्याला देईन त्यालाही उकडणारच.
काहींची फडकी झाली. काही भाचीने नेले.
चौदा अजून दाराआड, पिशवीत.

वर्षभरात दोनदाच दुकानात गेले.
गांधीबागेत, थानातून कापड घ्यायला.
मुठीत चुरगाळून पाहिलं,
उजेडात धरलं, ओल्या बोटाने घासलं.
मग अंगाला लावलं आणि खाली वाकले,
जशी नस शोधताना वाकते तशी.
दुकानदार म्हणाला, काही पडलं का ताई?
नाही, म्हटलं. वाकता येतं का ते बघते.
त्याने नोकराकडे बघितलं. नोकराने पंख्याकडे.
सव्वादोन मीटर विटकरी घेतलं,
ज्यावर सांडलेलं पेशंटला दिसत नाही.

महालात वसंता निखारे शिवतात.
खिसे हवेत, म्हटलं, दोन्हीकडे.
लेडीज ड्रेसले खिसा कोणी सांगत नाही जी,
शिलाईवरून मोडतो, पडेल बरोबर येत नाही.
नाही आली तरी चालेल.
खोल किती?
मी मनगटापर्यंत हात दाखवला.
त्यांनी टेप घेतली नाही,
माझ्या मनगटाकडे एकदा बघून खडूने रेघ मारली.

एक वस्तू हिशेबात धरली नाही.
राखाडी लोकरी कोट.
चंदीगडच्या नोकरीचं पत्र आलं त्या हिवाळ्यातला.
गेले नाही. आई पडली होती.
डिसेंबरात फुटाळ्यावरून गाडी नेताना
चालून जाईल तो, भावाला म्हटलं.
भाऊ काही बोलला नाही.
अर्धे पैसे त्याचे होते.
कपाट परत लावताना
हँगर त्यानेच काढून दिला.

आता उजव्या खिशात
दंडाची रबरी पट्टी, पेन, लेबलं, गाडीची किल्ली,
आणि दोन संत्रा गोळ्या.
रक्त दिल्यावर कोणाकोणाला भोवळ येते.

डावा रिकामा आहे.
मुद्दाम नाही.
सिग्नलला थांबले की
हात आपणच त्यात जातो
आणि जरा वेळ तिथे बसतो.