दांडा सोडणे

पेन्शनच्या कागदावर एक रकाना होता,
कामाचे स्वरूप. बोटाएवढा रुंद.
लेक म्हणाली, काय लिहू, बाबा?
लिही, म्हटलं, दांडा ओढणे.
मग थोड्या वेळानं म्हटलं,
आणि सोडणे. ते जास्त अवघड होतं.

लोंढ्याच्या शेडमागं, जिथं आता घाणेरीनं रूळ गिळलाय,
तिथं चार लोखंडी पायांवर कोळशाचं पोट उभं होतं.
सिंगरेणीच्या वाघिणी यायच्या, खड्ड्यात रित्या व्हायच्या.
भरमाण्णा विंच फिरवी,
डोल कण्हत, हेलकावत वर जाई,
टोकाशी उलटी होई,
आणि पोट आतून गडगडे,
उपाशी माणसाचं नव्हे, जेवलेल्याचं.

माझी जागा मधल्या फळीवर.
खाली वायजी येऊन उभी राही,
टेंडर नेमकं सोंडेखाली आणायला
दस्तगीर ड्रायव्हर वीतभर पुढं, वीतभर मागं,
सुईत दोरा ओवावा तसा.
पलीकडं इनास पाण्याची सोंड धरून.
पुढं तिनईघाटचा चढ, अर्ध्या पोटी चढवत नाही.

बिडु! खालून हाक येई.
मी दांडा ओढी.
आवाज आधी, धूळ नंतर,
आणि दोघांच्या मधे
इंजिन आपल्या स्प्रिंगांवर जरासं खचे,
डोक्यावर भारा घेताना बाई गुडघ्यात वाकते तसं.

थांब म्हणायचे चार शब्द होते आमच्याकडं.
भरमाण्णाचं साकु,
इनासचं पुरो,
दस्तगीर हात आडवा करून नुसतं बस,
आणि फायरमन मष्णू, आमच्या गुंजीचा,
पुरे की गा, डोळ्यात घालालास काय!
कोळशाला चारातलं एकही कळत नसे.
झडप मिटेस्तोवर
घमेलं, दोन घमेली खाली सांडतच.

तेवढ्यावर कल्लव्वाची चूल होती.
बुरुजाच्या सावलीत ती बसून असे,
सावली सरकेल तशी सरकत.
इंजिन हललं की पदर खोचून
आधी ढेकळं बुट्टीत टाकी, मग वर चुरा पसरी.
ढेकळावर सगळ्यांचा डोळा असतो, म्हणे,
धुळीवर कुणाचा नसतो.

कोळसाबाबू पाटीवर टनांचा हिशेब मांडत.
सांडलेल्यासाठी त्यांच्याकडं रकाना नव्हता.
एकदा वर बघून म्हणाले,
हात जड झालाय काय रे तुझा?
झडप गंजलीय, साहेब.
झडपेला दर सोमवारी मी ग्रीस लावत होतो.
त्यांना ठाऊक होतं. ग्रीसचा डबा तेच देत.

एका श्रावणात भिजलेल्या चुऱ्यानं गळा तुंबला.
कमरेला दोर बांधून, पहार घेऊन मी पोटात उतरलो.
दांडा ओढलेलाच होता, खाली गाडी खोळंबलेली.
तिसऱ्या घावाला पायाखालचं गेलं.
छातीपर्यंत गेलो. कोळसा आत गरम असतो,
हे मला तोवर माहीत नव्हतं.
खालून साकु, पुरो, बस, पुरे,
सगळं एकदम, एकच शब्द असल्यासारखं,
आणि मग झडप मिटल्याचा ठण्ण आवाज.

शिडी चढून दांडा सोडला तो कल्लव्वानं.
जिला चढायची परवानगी नव्हती,
जिनं कधी दांड्याला हात लावला नव्हता.
तिचा हात जरासुद्धा रेंगाळला नाही.
त्या दिवशी रुळात मूठभर कोळसा सांडला नाही.
संध्याकाळी तिच्या चुलीत काय होतं,
मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मग डिझेल आलं.
बुरूज गॅसनं कापून मिरजेच्या भंगारवाल्यानं नेला,
तीन दिवस लागले त्याला,
चौथा पाय अजून जमिनीत कमरेएवढा आहे.
कल्लव्वा लेकाकडं अळणावरला गेली म्हणतात.

लेकीनं रकान्यात खलाशी लिहिलं.
तेवढंच मावलं.
मी तिच्या कपात चहा ओतत होतो.
पुरे, बाबा, ती म्हणाली.
बशीत थोडा सांडला.