पुढचं चाक

भिवापूर-पवनी रस्त्याला लागून आमचा मिरचीचा सातरा.
मी देठं तोडायची, किलोवर मजुरी,
आणि मांडीखाली बाबांचं घड्याळ, पट्टा तुटलेलं.
नहराच्या पुलावरून चक्रधर निघाला की शिट्टी मारायचा पोट्टा एक,
समोरून चक्रधर गेला की मी काटा पाहायची.
तो हमखास शिंकायचा सातऱ्यासमोर,
वेग मात्र सोडायचा नाही.
अकरा मिनिटं चाळीस.
अकरा बावीस.
एकदा नऊ पन्नास, पण तेव्हा पुढे कापसाचा ट्रक होता,
ट्रकच्या आडोशानं आला होता तो.
ती वेळ मी वहीत धरली नाही.

मग पंजाबातला कॅम्प, मग मलेशियातली टीम,
दोन वर्षांचा करार, इंग्रजीत, अकरा पानं.
आणि बसस्टँडवर आमची फजिती:
काहून वो, कितवा आला तुमचा चक्रधर?
एकशे एकोणतिसावा.
अन् होते किती?
एकशे तीस.
तिसावा आजारी पडला असंन, म्हणायचे, आणि चहा सांगायचे.

फोनवर तो म्हणाला,
ताई, माहं काम जिंकाचं नसते.
कॅप्टन माह्या मागं बसते. वारा मी खातो.
डोंगर आला का मी गळतो, तो ताजा राह्यते.
मधात गाडीपाशी मागं जातो,
सात बाटल्या पाठीत कोंबतो, पुन्हा पुढं.
आई पलीकडून म्हणाली,
पानी भरते म्हना की.
होय, म्हणाला. पानीच भरतो.

एका शर्यतीचा व्हिडिओ आला.
कॅप्टन दोन्ही हात वर करून, तोंड उघडं, फुलं.
चक्रधर कुठंच नाही.
मागे-पुढे करत रात्रभर पाहिलं मी, मोबाईल तापला.
पहाटे सापडला. वरून घेतलेल्या चित्रात,
एका वळणावर, मिरचीच्या बीएवढा
पिवळा ठिपका. थांबलेला.
कॅप्टनचं चाक फुटलं होतं, गाडी मागं राहिली होती,
यानं आपलं पुढचं चाक काढून दिलं.
नऊ सेकंद लागले, म्हणे. सरावच होता त्याचा.
मग सहा मिनिटं उभा,
सायकल खांद्यावर, चिमटा रिकामा,
सगळी शर्यत अंगावरून गेली.
नाव बाबांनी ठेवलेलं. पंथातलं, देवाचं.
बाबा असते तर
हसले असते की नसते, मला सांगता येत नाही.

गळ्याजवळचं हाड तीनदा मोडलं.
तिसऱ्यांदा चार ओळींचा ईमेल आला.
आता तो धानाच्या गिरणीवर हिशेब लिहितो,
आणि ती सायकल गोठ्यात टांगलेली, गाईच्या वर,
गाय कधीमधी वर पाहते.

यंदा मार्चात बचतगटाचं पासबुक घेऊन
मी निघाले भिवापूरला, भर दुपारी.
समोरून असा वारा की पायडल मागे फिरेल.
तेवढ्यात हा आला बाबांच्या जुन्या सायकलवर, पायात चप्पल.
मागं ये, म्हणाला. चाकाला चाक. हातभर अंतर ठेव.
आली मी.

वारा बंद झाला.
कोणी दार लावून घ्यावं, तसा.
समोर फक्त त्याची पाठ,
सदरा दोन्ही बाजूंनी फडफडतोय,
आणि मधे माझ्यापुरती जागा, गार नाही, पण निवांत.
पायांना काही कामच उरलं नाही.
मला ती नऊ पन्नास आठवली,
न धरलेली.

दीडेक कोसावर त्यानं उजवं कोपर झटकलं,
माशी हाकलल्यासारखं.
पुन्हा झटकलं.
काय झालं रे?
पुढं ये ना आता, म्हणाला. माहा नंबर झाला.

मी पुढे गेले.
सगळा वारा तोंडात, डोळ्यांत, पदरात.
मान खाली घालून मारत राहिले,
मागे वळून पाहायची सोय नव्हती.
बऱ्याच वेळानं
मागून शिंक ऐकू आली,
तेव्हा कळलं
सातरा आला.