कंपन-मर्यादा

अनुदान मंजूर झाल्याचं पत्र आलं
तेव्हा मी भांडारात काचेच्या नळ्या मोजत होतो.
डॉ. रय्या अल-मामरी लिफ्टची वाट न बघता
जिन्यानं खाली आल्या, धापा टाकत म्हणाल्या,
मिळालं, मिस्टर मखदूम.
आठ लाख चाळीस हजार रियाल, तीन वर्षं,
आणि बैशा-बैशाचा हिशोब.

माझं आडनाव मगदूम.
अरबीत मखदूम म्हणजे ज्याची सेवा होते तो.
मी ते दुरुस्त करत नाही.

अर्जाची एकशे बारा पानं मीच टाचली होती.
सूक्ष्मदर्शक. त्याखालची फरशी. फरशीखालची फरशी.
द्रवरूप नायट्रोजन, टाक्या सहा.
जर्मन सल्लागाराचे चार दिवस, हॉटेलसकट.
परिशिष्ट क मध्ये मी,
मुदत यंत्राच्या वॉरंटीइतकी.
आणि शेवटचा रकाना, 'इतर':
त्यात मी चार झाडू लिहिले होते.

उद्घाटनाला मंत्रालयातून साहेब येणार
म्हणून अंगणात कारंजं बसवलं.
ते वेगळ्या शीर्षाखाली.
साहेब आले, कारंजं उडालं, खजूर वाटले,
आणि दुसऱ्या दिवसापासून
यंत्राला धड दिसेना.

समुद्राचं पाणी गोड करणारी जाळी,
तिच्यात मीठ कुठं अडकतं ते बघायचं होतं.
पडद्यावर नुसतं धुकं,
चष्मा विसरलेल्या माणसासारखं.

सल्लागार आला. सकाळी आठ ते दुपारी तीन
त्यानं जमिनीची नाडी पाहिली.
चौसष्ट पानांत सोहारच्या बंदरावरचे ट्रक दोषी ठरवले,
नवी फरशी सुचवली, एक लाख दहा हजार.
उंटावरून शेळ्या हाकणं आम्ही शाळेत वाक्यात उपयोग करून शिकलो.
इथं शेळ्या होत्या, उंट होता,
वर बसणारा तेवढा विमानानं आला.

एका संध्याकाळी, नियमाप्रमाणे बूट बाहेर काढून
मी त्या खोलीत मोज्यांवर उभा राहिलो.

इचलकरंजीत आमच्या खोलीखाली
अठ्ठेचाळीस माग होते.
जमीन हलली नाही तर मला झोप यायची नाही.
एका मागाचा धोटा अडकला की
बाबा अंथरुणात उठून बसायचे,
कानाला नाही, टाचेला कळायचं त्यांच्या.
सात नंबर, म्हणायचे, आणि जिना उतरायचे.

टाचेत आलं ते ट्रकचं नव्हतं.
ट्रक येतो आणि जातो.
हे एका जागी बसून कुरकुरत होतं,
असरची नमाज झाल्यावर सुरू,
सल्लागार हॉटेलवर पोचल्यावर.

चिलरवाल्या इक्रामुलला फोन केला,
भाई, कारंज्याचा पंप बंद कर.
साहेबांचं कारंजं? तो म्हणाला.
मग थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.
मग पायांखालची जमीन गप्प झाली.

पडद्यावर धागे आले.
ना उभे ना आडवे, कुठल्याच मापाचे नाहीत,
आणि त्यांना चिकटलेलं मीठ,
खळीतून काढलेल्या सुतासारखं.
डॉ. रय्या खुर्ची ओढून बसल्या.
मी काही न बोलता बूट घालायला गेलो,
नाडी बांधायला बराच वेळ लागला.

प्रगती अहवालात आलं:
कंपनाचा स्रोत शोधण्यात आला.
कुणी, ते विचारणारा रकाना नव्हता.
म्हणून डॉ. रय्यांनी 'इतर'मध्ये, झाडूंच्या खाली, लिहिलं,
भांडारपालाचे पाय, दोन.
लेखापरीक्षकानं शेरा मारला:
पावती जोडावी.

हे तिसरं वर्ष.
मुदतवाढीचं पत्र अजून नाही.
वस्तूंची यादी मी पुन्हा करतोय,
प्रत्येकीवर क्रमांकाची चिकटपट्टी.
कोरड्या कारंज्यात मैना येतात,
तोटीत चोच घालून बघतात,
मी रोज बाटलीतलं थोडं पाणी ओततो तिथं.
ते कुठल्या शीर्षाखाली, मला ठाऊक नाही.