चौऱ्याण्णव कड्या

धरणगावबाहेर, चोपडा रस्त्याला,
पुनमचंद जिनिंगमध्ये रात्री पावणेदोनला
सरकीचा पट्टा अडला.
मोटर फिरत होती, गिअरबॉक्स घुमत होता,
फक्त मधली चेन दातांवरून उडत होती:
खटाक्... जरा शांत... खटाक्,
म्हातारा झोपेत कवळी चावतो तशी.

मी मेन स्विच पाडला.
सगळ्या जिनांची घरघर एकदम गेली
आणि पौषातली थंडी कानांना लागली.
कापूस लावणाऱ्या बाया गंजीच्या उबेला सरकल्या.
एकीनं विचारलं, खाडा धरतील का रे?

सुकलाल मिस्तरी आला मफलर सोडत.
गार्डचे चार बोल्ट काढले.
आत तेलात रुई बसून बसून नमदा झालेला,
तो खरवडला, चेन उतरवली,
मांडीवर फडकं पसरून मला दाखवली:
बाहेरची पट्टी, आतली पट्टी,
पिन, पिनेवर बुश, बुशवर रोलर.
रोलर दातावर घासत नाही, लोळतो.
"म्हनीसन दात वाचतस."
घासणं सगळं आत,
पिन आणि बुशच्या अंधारात,
तेल पोचलं तर पोचलं.

मी म्हटलं, मग लांबली कशी? ताणली?
"लोखंड शे का रबर? ताणाई नही रे, घसाई गयी."

एका सांध्यात झीज चार केसांएवढी.
चार केस म्हणजे काहीच नाही.
पण सांधे चौऱ्याण्णव,
आणि चार केस चौऱ्याण्णव वेळा मोजले
की होतो एक इंच,
म्हणजे पुरती एक कडी,
जी कुणी बसवली नव्हती
आणि तरी दिवाळीपासून फिरत होती.

लहान चाकाला दात सतरा.
चौऱ्याण्णवला सतरानं भाग जात नाही, ते मुद्दाम.
जो रोलर ज्या दातावर टेकतो
तो तिथे परत येतो सतरा चकरांनी.
रोज एकाच्याच गळ्यात पडला असता
तर दोघंही लवकर संपले असते.
हे मिस्तरीनं बोटांवर मोजून सांगितलं,
शाळा चौथी.

आता एकच कडी कमी करायची.
पण कड्या जोडीनं नांदतात,
एक आतली, एक बाहेरची.
त्र्याण्णव उरल्या की टोकाला टोक जुळत नाही,
अरुंदासमोर अरुंद येतं.
मिस्तरीनं तंबाखूच्या डबीतून
एक वाकडी कडी काढली,
एका टोकाला रुंद, दुसऱ्याला अरुंद.
"हिले काय म्हंतस, माहीत शे? घरजवाई.
आठे घरना, तठे पाव्हना."

गंजीवरून कुणीतरी ओरडलं,
"मिस्तरी सोतानंच नाव सांगी ऱ्हायना!"
बाया हसल्या.
अठरा वर्षांमागे तो नवापूरकडून
सासऱ्याच्या घरात आलेला,
हे मला तेव्हा कळलं.
तो काही बोलला नाही.
क्लिपचं बंद तोंड चालीच्या दिशेला केलं,
उलटं बसलं तर क्लिप निसटते,
हे दोनदा बजावलं.
अंगठ्यानं चेन दाबून पाहिली,
थोडी झुलू दिली.
फार ताठ ठेवली तर बेअरिंग बोंबलतं.

साडेतीनला पट्टा चालला.
आधी एकेक सरकी, मग धार.
आवाजात खटाक् नव्हतं,
एका जागी बारीक किंचित काही होतं,
दर फेरीला, मलाच ऐकू येत असेल.

आठ दिवसांनी जळगावहून नवी चेन आली
तेलकट कागदात गुंडाळलेली.
जुनी भंगारात गेली.
वाकडी कडी मात्र त्यानं सोडवून घेतली,
रॉकेलमध्ये धुतली, पुसली.
म्हणाला, "कामले येस.
पन कायम नही ठेवतस तिले."
आणि डबीत टाकली.
मग चिमूटभर तंबाखू काढली त्याच डबीतून,
तिला लागलेली आधी झटकून घेत.