सोड

सावळजच्या शेडवर चैत्रात
दहालाच पत्रा बोलायला लागतो,
तड्, तड्, वर कुणी ज्वारी भाजतंय जणू.
खाली जाळ्यांवर द्राक्षं आकसत जातात
आणि मी, राखणीचा माणूस, वय अठ्ठावन्न,
दीड वितीच्या एका कुत्रीला
'बस' म्हणजे काय ते समजावतोय.

ती सापडली खोक्यांच्या थप्पीमागं.
रंग धुरी न दिलेल्या मालाचा, काळपट तपकिरी.
तांबोळ्यांची सुरय्या म्हणाली, मनुका.
झालं बारसं.

पहिल्या सांजेला ती आपणहून पायाशी टेकली.
मी खूश. हाताला लागलं ते दिलं,
एक बेदाणा.
इथं पसापसानं सांडतो, एकाचं काय मोठंसं?

लसीला नेली तर डॉक्टर झांबरे ओरडलेच,
"अहो, विष आहे ते कुत्र्याला! मूत्रपिंडं जातात.
एकानं होईल, दहानं होईल, सांगता येत नाही."
परत आलो, दारात उभा राहिलो.
समोर चाळीस टन.
गोड वासाचं.
आणि ती त्यातूनच शेपटी हलवत येत होती.

म्हणून 'बस'च्या आधी 'सोड'.

डॉक्टरांनी सांगितलं तसं करतो.
उकडलेलं अंडं, हरभऱ्याएवढे तुकडे, खिशात.
शिकवणी पहाटे साडेपाचला किंवा दिवेलागणीनंतर.
आधी हाताची पालथी बाजू जमिनीवर,
सातपर्यंत मोजायचं.
चारलाच हात उचलला तर आज धडा नाही,
पाण्याची परात, सावली, बस्स.
दुपारी ती जीभ लोंबवून धापा टाकते
तेव्हा शिकवू नये कुणालाच काही,
हे मला पाचवीत वर्गाबाहेर
उन्हात उभं करणाऱ्या गुरुजींना कुणीतरी सांगायला हवं होतं.

उन्हाळ्यात अंडं आंबतं. मग ताक.
पातळ, बिनमिठाचं, बर्फाच्या साच्यात गोठवलेलं.
एक चौकोन तिच्या दातांत कुडकुडतो
आणि ती माझ्याकडं असं बघते
की मीच थंडी तयार केली.

अवघड भाग वेगळाच आहे.
तुकडा देताना म्हणायचं असतं, "शाब्बास".
लगेच. त्याच क्षणाला. गोड आवाजात.
माझ्या तोंडाला कुत्र्यासाठी एकच शब्द ठाऊक,
हाड्.
तो कुठूनही निघतो, खोकल्यासारखा.
शाब्बास मात्र ओढून काढावा लागतो,
खोल गेलेल्या विहिरीतून अर्धी कळशी.
पहिल्यांदा म्हणालो तेव्हा
सुरय्यानं चाळण खाली ठेवली,
"मामा, कुणाला म्हणालात?"

मग परवाची दुपार.
हमालाच्या खांद्यावरून खोकं निसटलं, फुटलं,
फरशीवर पिवळाजर्द सडा.
मी वर, ताडपत्रीची दोरी आवळत शिडीवर.
मनुका खाली. नाक सड्यात.
तोंडात काहीतरी.
हाड् जिभेच्या टोकावर आलेला.
तो गिळला. म्हणालो,
"सोड."

हळू म्हणालो, घसाच कोरडा होता.
तिनं मान वर केली.
विचार केला, अगदी दिसेल असा.
आणि ओल्या फरशीवर ठेवला एक बेदाणा,
अंडं ठेवावं तसा.

उतरलो. खिशात हात घातला.
रिकामा. टरफलाची कपची तेवढी.
ती बसून. डोळे माझ्या मुठीवर.
हिशोब पक्का तिचा.
शेवटी हातच पुढं केला,
दिवसभराच्या घामाचा, काथ्यानं सोललेला.
तिनं चाटला, सावकाश, बोटाबोटातून,
आणि मी म्हणत राहिलो, शाब्बास, शाब्बास गं,
हमाल बघत होते तरी.

रात्री खिसा उलटा करून झटकला.
अंड्याचा वास काही जात नाही.
उद्या चार तुकडे जास्त.
एक उधारीचा.